एक्केचाळीस गुणांचा नवरा

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत त्याला गणितात अठ्ठ्याण्णव गुण मिळाले आणि निबंधात अडतीस. निबंधाचा पेपर तेव्हा वेगळा असे, शंभर गुणांचा. चार विषयांतला एक घ्यायचा आणि अडीच तास लिहीत सुटायचं. पास व्हायला चाळीस लागत. म्हणजे गणितात शाळेत पहिला आलेला पोरगा दोन गुणांनी नापास! आईने निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "गणितातले दोन काढून इकडे नाही का लावता येत?"

शाळेतल्या मास्तरांनी फेरतपासणीचा अर्ज भरायला लावला. महिन्याभराने उत्तर आलं: एकसष्ट. घरात आनंदीआनंद झाला. फक्त अण्णा, म्हणजे त्याचे वडील, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघत बसले.

अण्णा शिंपी होते. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. दोन शिलाई मशिनं, कापणीचं एक टेबल, उंच आरसा आणि भिंतीला टांगलेली एक लोखंडी पट्टी. दर सोमवारी दुकान उघडलं की अण्णा गळ्यातली कापडी टेप त्या पट्टीला लावून बघत. "टेप वापरून वापरून ताणली जाते," ते सांगत. "आपल्याला पत्ता लागत नाही. गावातल्या सगळ्यांच्या कंबरा एकदम बारीक भरायला लागल्या की समजायचं, माणसं वाळलेली नाहीत, टेप सैल झालीय."

अशा माणसाला अडतीसचे एकसष्ट कसे पचणार? दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते मुलाला घेऊन परीक्षा मंडळाच्या कचेरीत गेले. खिडकीमागे एक कारकून बसला होता.

"साहेब, यातलं खरं कुठलं?" अण्णांनी दोन्ही कागद पुढे सरकवले.

"म्हणजे?"

"आधी अडतीस, आता एकसष्ट. निबंध तोच, पोरगा तोच. मग माप कुठलं धरायचं?"

"अहो, वाढलेत ना? घ्या की मग! इथे लोक गुण कमी झाले म्हणून भांडायला येतात."

"जास्त म्हणजे बरोबर नव्हे," अण्णा म्हणाले. "पँट चार बोटं जास्त लांब झाली तर 'घ्या की' म्हणून घालता का तुम्ही?"

कारकुनाने खाली वाकून स्वतःच्या पँटकडे पाहिलं. ती खरोखरच चार बोटं लांब होती आणि टाचेखाली येऊन फाटली होती. मागच्या रांगेत हशा पिकला. ही ब्याद एकदाची टळावी म्हणून त्याने मूळ उत्तरपत्रिकेची नक्कल काढून अण्णांच्या हातात ठेवली आणि खिडकी लावून घेतली. निबंधाचा विषय होता 'वेळेचे महत्त्व'. चार पानं, सुवाच्य अक्षर, कुठे खाडाखोड नाही.

घरी येताना अण्णा एवढंच म्हणाले, "माप घेणाऱ्याचं माप कोण घेतं रे?"

ते आपले सहज बोलून गेले आणि संध्याकाळपर्यंत विसरलेही. पोराच्या डोक्यात मात्र तो प्रश्न घुसला तो घुसलाच. मी अडतीस की एकसष्ट? बाकीची मुलं त्या वयात आरशापुढे उभं राहून स्वतःबद्दल बरंच काही विचारतात. याचा एवढा एकच प्रश्न होता.

त्याने गणिताची पदवी घेतली, मग शिक्षणशास्त्राची घेतली आणि शेवटी विद्यापीठाच्या शैक्षणिक मापन विभागात संशोधनाला लागला. परीक्षा मोजते ती गोष्ट खरंच मोजते का, हे तपासायचं तिथलं काम. विभाग म्हणजे सायकल स्टँडच्या वरच्या दोन खोल्या. एकीत कपाटं आणि दुसरीत विभागप्रमुख. विभागप्रमुख हा जाडजूड, संथ माणूस होता. त्यांचा कशावर म्हणून विश्वास नसे. "आज फार उकडतंय, सर," असं कुणी म्हटलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "कशाच्या तुलनेत?" एकदा शिपाई धापा टाकत वर आला, "सर, खाली मोठी आग लागलीय!" तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघालं. शिपायाने उत्तर न देता त्यांना दंडाला धरून जिन्याने खाली नेलं. पालापाचोळा पेटला होता, बादलीभर पाण्यात विझला. विभागप्रमुख परत वर येत शिपायाला म्हणाले, "बघितलंस? मोठी नव्हती."

त्याचं संशोधन असं होतं. तीस निबंध घ्यायचे, चाळीस परीक्षकांना तेच तीसच्या तीस पाठवायचे आणि कोण किती गुण देतो ते बघायचं. तीस जमवताना त्याने एक गोष्ट केली, ती विभागप्रमुखांनाही सांगितली नाही. चौदाव्या नंबरला त्याने स्वतःचा 'वेळेचे महत्त्व' घातला. आणि एकच माणूस एकाच निबंधाला दोनदा सारखे गुण देतो का हे कळावं म्हणून तोच निबंध धाकट्या बहिणीच्या अक्षरात उतरवून एकोणतिसाव्या नंबरला पुन्हा घातला.

दोन महिन्यांत गठ्ठे परत यायला लागले. एका परीक्षकाने तीसच्या तीस निबंधांना पन्नास दिले होते आणि खाली लिहिलं होतं, 'कोणाचेही मन दुखवू नये.' दुसऱ्याने गुण द्यायचं सोडून प्रत्येकाला हस्ताक्षर सुधारण्याचा सल्ला दिला होता. तिसऱ्याच्या गठ्ठ्यावर तांबड्या खडूने मोठमोठी वर्तुळं होती. ही काही नवी गुणपद्धत असावी म्हणून त्याने दोन दिवस घालवले. शेवटी चौकशी केली तेव्हा कळलं, परीक्षकांची नात तीन वर्षांची आहे.

चौदा नंबरला सगळ्यात कमी बावीस पडले होते आणि सगळ्यात जास्त ऐंशी. म्हणजे अडतीस आणि एकसष्ट हे तर शेजारी शेजारी राहणारे भाऊ निघाले! एकाने चौदा नंबरवर पस्तीस देऊन शेरा मारला होता, 'कुठून तरी उतरवलेला वाटतो.' त्यानेच एकोणतीस नंबरला चौसष्ट देऊन लिहिलं होतं, 'वा! स्वतःचे विचार आहेत.' मूळ कुठला आणि उतरवलेला कुठला, हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातली बहीण हसून हसून लोळत होती.

पन्नासवाले सद्गृहस्थ सोडले तर दोन्ही वेळा तंतोतंत तेच गुण देणारा परीक्षक एकच होता. सत्तावीस नंबर. चौदाला एक्केचाळीस, एकोणतीसलाही एक्केचाळीस.

त्याने पत्ता काढला. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. शिक्षकांच्या खोलीत लांब टेबलावर वह्यांची भिंत रचलेली होती. त्याने नमस्कार केला तो भिंतीला. पलीकडून आवाज आला, "इकडून या."

बाई त्याच्याच वयाच्या होत्या. कानामागे पेन्सिल, हातात पेन, आणि बोलताना नजर वहीवरच.

"तुम्ही दोन्ही निबंधांना एक्केचाळीसच दिलेत," तो म्हणाला. "इतकं अचूक माप मी आजवर पाहिलं नाही. तुम्ही पद्धत कुठली वापरता?"

"पद्धत कसली डोंबलाची! चौदा आणि एकोणतीस एकच निबंध आहे."

तो गार पडला. "पण... अक्षर वेगळं आहे."

"अक्षर बदललं म्हणून माणूस बदलतो का? मी तर लिहिलंही होतं. कागद उलटून पाहिला नाहीत?"

त्याने पिशवीतून एकोणतीस नंबर काढला आणि उलटला. मागे बारीक, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'हा निबंध आधी येऊन गेला आहे. कोणाला फसवता?'

"बरं, पण मग एक्केचाळीसच का?" त्याने विचारलं.

"लिहिणाऱ्याला सांगायचं काहीच नाही, पण जे नाही ते तो नीटनेटकं सांगतो. त्याचे चाळीस. त्यात एकच वाक्य खरं आहे. 'वेळ कापडासारखा असतो. एकदा कापला की कितीही जोडा, शिवण दिसतेच.' त्याचा एक." बाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "कुणाचा आहे हो हा?"

"ते गुप्त ठेवावं लागतं. संशोधनाचा नियम आहे."

"असू दे. पण बरा आहे ना आता?"

"बरा आहे," तो म्हणाला. "शिकतोय अजून."

त्यानंतर सत्तावीस नंबरला आणखी काही विचारायचं राहिलंय असं त्याला दर आठवड्याला वाटायला लागलं. कधी एखादी प्रश्नावली घेऊन जायचा, कधी प्रश्नावलीत चूक झाली म्हणून दुरुस्त केलेली घेऊन जायचा. बाई उत्तरं द्यायच्या आणि त्याच्या प्रश्नांमधलं व्याकरण सुधारून द्यायच्या. पुढे पुढे त्या वह्यांची भिंत मधोमध फोडून ठेवायला लागल्या, म्हणजे समोर बसणाऱ्याचा चेहरा दिसावा.

इकडे विभागप्रमुखांनी प्रबंधाचा कच्चा खर्डा वाचला. "सत्तावीस नंबरच्या आठ मुलाखती आहेत. उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या किती?"

"एकही नाही, सर."

"या बाईने निबंध ओळखलाय. तिच्यामुळे तुझी सगळी आकडेमोड बिघडते. ती अपवाद आहे. काढून टाक तिला."

"काढता येणार नाही, सर."

"का?"

"लग्न ठरलंय."

विभागप्रमुखांनी खिडकीतून खालच्या सायकलींकडे पाहिलं. "मुलगी चांगली आहे?"

"फार चांगली आहे, सर."

"कशाच्या तुलनेत?"

"उरलेल्या एकोणचाळिसांच्या."

एवढ्या वर्षांत त्यांना मिळालेलं हे पहिलं समाधानकारक उत्तर असावं, कारण त्यांनी लगेच सही केली. सत्तावीस नंबर प्रबंधात तळटीप म्हणून राहिला.

लग्नाच्या आधी तो तिला अण्णांच्या दुकानात घेऊन गेला. अण्णा कुणाच्या तरी पडद्याचं कापड टेबलावर पसरून उभे होते. होणाऱ्या सुनेला बघून त्यांना फार आनंद झाला, पण कात्री काही खाली ठेवेनात. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. तिने विचारलं, "अण्णा, तीनदा का मोजता?"

"अगं, कापड आणि वेळ सारखेच," अण्णा म्हणाले. "एकदा कापलं की कितीही जोड, शिवण दिसतेच."

त्याच्या हातातला दोऱ्यांचा डबा खाली पडला. रिळं चारी दिशांना पळाली. तो टेबलाखाली शिरला आणि गरजेपेक्षा बराच वेळ तिथेच रांगत राहिला. वरून तिचा आवाज आला, "छान बोललात, अण्णा. पुन्हा म्हणा ना." अण्णांनी खुशीत येऊन पुन्हा म्हटलं. तो हळूच बाहेर आला. ती त्याच्याकडे बघत होती, पण बोलली काहीच नाही. सुटलो, त्याला वाटलं. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

खरं म्हणजे तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता लग्न झालं, आणि लग्नानंतर 'तुला एक सांगायचं राहिलं' असं वाक्य सुरू करायला कुठल्याही नवऱ्याची जीभ रेटत नाही.

पुढे त्याच विभागात तो प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'सरासरी सर'. आळशी पोरांनी त्यातली री गाळून 'सरास सर' केलं. सर शिकवायचे मात्र जीव तोडून. वर्गात सगळ्यात उंच मुलाला फळ्याजवळ उभं करून पाच जणांना टेपने त्याची उंची मोजायला लावायचे. पाच उंच्या यायच्या. "आता सांगा," सर टाळी वाजवून म्हणायचे, "हा स्थिर उभा असून ही तऱ्हा. मनातलं ज्ञान मोजायला निघालात तर काय होईल?" एकदा एका प्रवेशपरीक्षेत असा प्रश्न सापडला की हुशार मुलांचा तो हटकून चुकत होता आणि कच्च्या मुलांचा बरोबर येत होता. परीक्षा समितीतले सगळे म्हणाले, आजकालची हुशार मुलंच बिघडलीत. सरांनी आठवडाभर आकडे मांडून दाखवलं की मुलं ठीक आहेत, उत्तरसूचीच चुकली आहे. सूची तयार करणारे गृहस्थ समितीचे अध्यक्ष होते. सरांना पुढची सात वर्षं कुठल्याच समितीवर बोलावलं नाही.

घरी मोजमाप चालत नसे. लग्नाच्या पहिल्या महिन्यात सरांनी भाजीतल्या मिठासाठी एक ते पाच अशी श्रेणी काढली होती. बाईंनी (लग्नानंतरही सगळे त्यांना बाईच म्हणत) दोन दिवस मीठच घातलं नाही. "शून्य राहिलं होतं तुमच्या श्रेणीत," त्या म्हणाल्या. त्यानंतर सर जेवताना फक्त "छान झालंय" म्हणायला शिकले.

पण चौदा नंबरची गोष्ट ठसठसत राहिली. सरांनी रजेचा अर्ज लिहिला, नातेवाइकाला पत्र लिहिलं, की बाई वाचून म्हणायच्या, "नीटनेटकं आहे." एवढंच. सरांना घाम फुटायचा. आणि वर्षा-दोन वर्षांनी, काही कारण नसताना, कपडे घड्या करता करता त्या विचारायच्या, "अहो, त्या चौदा नंबरवाल्याचं पुढे काय झालं?"

"त्याचं? लग्न झालं म्हणे."

"बायको कशी मिळाली?"

"कडक आहे म्हणतात."

"मिळायलाच हवी होती," बाई म्हणायच्या आणि पुढची घडी घालायच्या.

अशी बावीस वर्षं गेली. मग सरांनी आयुष्यभराच्या कामाचं पुस्तक लिहिलं. मजकूर टाइप करून दिला त्यांच्या लेकीने, तिची तेव्हा कॉलेजची सुट्टी होती. प्रकाशक म्हणाले, नुसते आकडे कोण वाचणार, एक नमुन्याचा निबंध तरी छापा. चाळीस जणांनी तपासलेला निबंध हाताशी एकच होता. मुद्रितं घरी आली आणि ती तपासणार कोण? बाई. दुसरं कोणी तपासलं असतं तर प्रलय झाला असता.

रविवारची दुपार होती. बाई जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसल्या होत्या. पान एकशे बारा झालं. एकशे तेरा झालं. निबंध एकशे चौदावर सुरू होत होता. सर खोलीत येरझारा घालत होते. बाईंनी पान उलटायला बोट लावलं आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "अगं थांब! तो निबंध माझा आहे."

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

सर मटकन खुर्चीत बसले. "कधीपासून?"

"अण्णा पडदे कापत होते तेव्हापासून. तुम्ही टेबलाखाली होतात."

"म्हणजे लग्नाच्या आधीपासून! मग लग्न कसं केलंस?"

"मला काय निबंधाशी संसार करायचा होता?"

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते. तुमच्या भाषेत चाचणीच म्हणा. बावीस वर्षं लागली तुम्हाला पेपर द्यायला."

लेक आतून धावत आली आणि काय झालं ते ऐकून दाराला टेकून हसायला लागली. सरांना हसू येत नव्हतं. त्यांचा चेहरा पुन्हा पंधरा वर्षांच्या पोराचा झाला होता. "बरं, मग आता," ते चाचरत म्हणाले, "आता वाचून किती देशील?"

बाईंनी चष्मा पुसला. अगदी पहिल्या ओळीपासून निबंध वाचला, मधे पेन्सिलने एका ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं. सर निकालाच्या फळ्यापुढे उभं राहावं तसे उभे राहिले होते.

"चाळीस," बाई म्हणाल्या.

"चाळीस? आणि एक कुठे गेला?"

"ते वाक्य तुमचं नाही. अण्णांचं आहे. त्यांचा एक त्यांना दिला."

एकदम उसळून सरांनी मुद्रिताचा एक कागद ओढला आणि त्याच्या पाठीवर भराभर लिहायला सुरुवात केली. "अगं, म्हणजे लेखक कोण ते कळलं की परीक्षकाचे गुण बदलतात! हे तर मोजलंच नव्हतं मी!"

"बाबा," लेक म्हणाली, "आई तुला नापास करता करता थांबली, आणि तू खूश होतोयस?"

"पास आहे ना. काठावर का होईना."

पुस्तकात त्या प्रकरणाला एक तळटीप वाढली: 'परीक्षक ओळखीच्या उमेदवाराला जास्त गुण देतात असा समज आहे. एका प्रकरणात एक गुण कमी दिल्याचे आढळले.' पण ती लिहून झाल्यावर दोन दिवस सरांचं कशातच लक्ष नव्हतं. पुस्तकांच्या मांडणीपुढे उभे राहायचे आणि कुठलंच काढायचे नाहीत. बाईंच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी चहा पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "निबंधाचे दिलेत मी चाळीस. तुमचे कधी विचारलेत का?"

"किती?"

"ते नाही सांगत. लगेच फेरतपासणी मागाल."

सरांनी चहा घेतला. "छान झालाय," ते म्हणाले, आणि त्या दिवशी ते खरोखरच छान वाटून म्हणाले.

अण्णांना हे सगळं कळलं तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. दुकानात आता नुसते बसायला जात. सुनेने आपल्याला एक गुण दिलाय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कितीपैकी?"

"शंभरपैकी, अण्णा."

"मग मी साफच नापास की!" अण्णा म्हणाले. थोडा विचार करून पुढे म्हणाले, "पण माझा पेपर एका ओळीचा होता, हे लक्षात घ्या."

पुस्तक खपलं बेताचंच, पण परीक्षा मंडळातल्या कुणीतरी ते वाचलं आणि परीक्षकांच्या प्रशिक्षणासाठी सरांना बोलावणं आलं. एका शाळेच्या सभागृहात साठ परीक्षक, वर घरघरणारे पंखे. सरांनी तक्ते लावले. पहिल्या तक्त्याला लोकांनी वह्या उघडल्या, तिसऱ्याला मिटल्या, पाचव्याला पुढच्या रांगेतल्या मुख्याध्यापकांची मान छातीला टेकली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर झाला. बाई कितीतरी वर्षं मंडळाच्या परीक्षक होत्या. बाकीच्यांसारखंच त्यांनाही पत्र आलं होतं.

"सर, एक विचारू?" चारचौघांत त्या सर म्हणत. "तक्त्यात सगळं आहे. निबंध कुठे आहे?"

सरांना राग यायला हवा होता. पण त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "मग या तुम्हीच."

बाई पुढे गेल्या आणि कुण्या मुलाचा निबंध मोठ्याने वाचला. मुख्याध्यापक जागे झाले. मग प्रत्येकाने गुण लिहून दिले आणि सरांनी ते फळ्यावर मांडले. तीसपासून पंच्याहत्तरपर्यंत! सभागृहात एकच गोंधळ उडाला. तीसवाल्याला पंच्याहत्तरवाला विचारायला लागला, "तुम्ही झोपून वाचलंत का हो?" दोन दिवस ते असेच भांडले. बाई वाक्यं वाचून दाखवायच्या, यात काय आहे आणि काय नाही ते विचारायच्या, आणि सर दर तासाला फळ्यावर फरक मोजायचे. पंचेचाळीसचा फरक तिसावर आला, मग बावीसवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौदावर आला तेव्हा सरांनी त्या आकड्याभोवती चौकट काढली.

"शून्यावर नाही आणायचा?" कुणीतरी विचारलं.

"शून्य आला तर समजा, कुणी वाचलेलंच नाही," बाई म्हणाल्या. सरांना हे पटलं नाही. त्यावरून दोघांचं तिथेच, साठ जणांसमोर, दहा मिनिटं वाजलं. परीक्षकांनी दुसऱ्या दिवशी सगळीकडे सांगितलं की प्रशिक्षणाला जाच, नवरा-बायकोचं भांडण फार सुरेख असतं. मंडळाने मग दर वर्षी दोघांनाच बोलावलं. सर निवृत्त होईपर्यंत अशी नऊ वर्षं गेली.

शेवटच्या प्रशिक्षणाहून परत येताना दोघं एका छोट्याशा बसस्थानकावर बसली होती. हातात एका मुलीचा निबंध होता, 'माझा शेजारी'. शुद्धलेखनाच्या नावाने आनंद, पण शेजाऱ्याच्या खोकल्याचं वर्णन असं की वाचताना आपला घसा खवखवावा. सर म्हणाले बावन्न, बाई म्हणाल्या अठ्ठावन्न. बराच वेळ रेटारेटी झाली. शेवटी सर उठले. बसच्या वेळा पुकारणारा कर्मचारी खिडकीमागे रिकामा बसला होता.

"जरा हे वाचता का? शंभरपैकी किती द्याल तेवढं सांगा."

त्याने आधी संशयाने पाहिलं, मग कागद घेतला. वाचता वाचता त्याची खुर्ची मागे रेलली. एकदा तो मोठ्याने हसला. पहिलं पान संपवून त्याने पुन्हा पहिलंच काढलं. मागे एक बस आली, पाच मिनिटं थांबली आणि निघून गेली. ती पुकारायची राहिली, आणि सर-बाईंनी पाहिली नाही, कारण ते दोघं काचेला नाक लावून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

समोरचा माइक चालूच होता हे त्याच्या ध्यानात नव्हतं. सबंध स्थानकावर कर्ण्यातून घणघणीत आवाज उमटला: "सत्तर!"

बाकांवरची माणसं दचकून उठली. सत्तर नंबरची बस कुठली, म्हणून दोघं-तिघं सामान घेऊन धावलीसुद्धा.

"सत्तर कशाचे हो?" सर काचेबाहेरून ओरडले. "शुद्धलेखनाच्या चुका मोजल्यात का?"

"ते नाही बघितलं," तो म्हणाला. "पण तो शेजारी म्हातारा आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. म्हणजे तसाच एक राहतो." आणि मग त्याला घड्याळ दिसलं. "अरे देवा! तुमची बस तर गेली. आता पुढची तासाभराने."

सर तोंड पाडून बाकाशी परत आले. बाईंनी पिशवी उघडून निबंधांचा गठ्ठा बाहेर काढला आणि पेन्सिल कानामागून हातात घेतली.

"बसा," त्या म्हणाल्या. "तासभर आहे. पुढचा काढा."